नवी भाषा घडवताना शब्द कुठून आणतात? एस्पेरांतोची गोष्ट

नव्या भाषेसाठी व्याकरण तयार करणं तुलनेनं सोपं असतं. एस्पेरांतो या भाषेचे मूळ नियम तर अवघे १६ आहेत. खरी अडचण येते शब्दांची. रोजच्या बोलण्यालाही हजारो शब्द लागतात. ते आणायचे कुठून आणि लोकांच्या लक्षात राहायचे कसे?

स्वतःलाच आठवेनात

लुडविक झामेनहोफ यांचा जन्म १८५९ मध्ये बियालिस्तोक शहरात झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. तिथे रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू लोक राहत, पण त्यांच्यात कायम तेढ असे. सगळ्यांना समान वाटेल अशी भाषा असली, तर हे अंतर कमी होईल, असं झामेनहोफ यांना वाटे.

एका प्रयोगात त्यांनी अ, अब, बा अशी छोटी अक्षरं मांडून प्रत्येकाला अर्थ दिला. शब्द सुटसुटीत झाले, पण ते त्यांच्या स्वतःच्याच लक्षात राहीनात. म्हणून त्यांनी ओळखीचे शब्द घेतले. 'पात्रो' (वडील) लॅटिनवरून, 'हुंदो' (कुत्रा) जर्मनवरून, तर 'बिर्दो' (पक्षी) इंग्रजीवरून आला.

दुकानाच्या पाटीवरून सुचलेली युक्ती

शब्दांची संख्या कमी कशी ठेवायची, हा प्रश्न उरला होता. शाळेत असताना त्यांना 'कोंदितेरस्काया' (मिठाईचं दुकान) अशी रशियन पाटी दिसली. 'स्काया' हा शेवट इतर पाट्यांवरही होता. मराठीत 'खाना' जोडून दवाखाना, छापखाना, कारखाना होतात, तसंच हे. एकाच प्रत्ययातून अनेक शब्द मिळतात, हे त्यांना उमगलं.

एस्पेरांतोत हे असं चालतं:

- साना: निरोगी
- मालसाना: आजारी ('माल' म्हणजे उलट)
- मालसानुलो: रुग्ण ('उल' म्हणजे व्यक्ती)
- मालसानुलेयो: रुग्णालय ('एय' म्हणजे जागा)

एक मूळ शब्द पाठ केला की बाकीचे आपोआप तयार होतात. त्यामुळेच १८८७ मध्ये वॉर्सात निघालेल्या पहिल्या पुस्तकात सुमारे ९०० मूळ शब्द पुरले.

टीका काय होते?

बहुतेक शब्द युरोपीय असल्यानं आशियातल्या लोकांना ते ओळखीचे वाटत नाहीत. 'पात्रो'ला प्रत्यय लावून 'पात्रिनो' (आई) होतो. म्हणजे मूळ शब्द पुरुषाचा आणि स्त्रीचा त्यावरून बनवलेला, यावरही आक्षेप आहे.

पुढचे शब्द कोणी बनवले?

झामेनहोफ यांचं १९१७ मध्ये निधन झालं. त्यांनी संगणक पाहिला नव्हता. तरी भाषा बोलणाऱ्यांनी 'कोंपुत' (गणना) आणि 'इल' (साधन) जोडून 'कोंपुतिलो' हा शब्द बनवला. आपल्या 'संगणक'सारखाच. नव्या भाषेचा पहिला शब्दसंग्रह एक माणूस तयार करू शकतो, पण ती बोलणारी माणसं मिळाली तरच तो वाढत राहतो.