पाचवा धावणारा

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात धावणे ही काही नवलाची गोष्ट नाही. पाड्यावरून शाळेत यायचे म्हणजे ओहोळ ओलांडायचा, शेताच्या बांधावरून चालायचे, टेकडी चढायची नि उतरायची. आणि घंटेचा टोल कानी आला की शेवटचा टप्पा पळतच गाठायचा! चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला ध्वज घेऊन गडाचा चढ चढणाऱ्या पुजाऱ्याची हकिगत तर इकडे घरोघर ठाऊक आहे. तेव्हा आमच्या पोरांना पळायला कोणी शिकवायचे, असे आपण म्हणाल. पण आजची गोष्ट त्या शिकवणाऱ्याचीच आहे. आणि ती मुख्यतः गुरुजींनी नि बाईंनी ऐकावी अशी माझी इच्छा आहे.

'क्रॉस कंट्री' नावाची एक शर्यत आहे. आपण तिला रानवाटेची शर्यत म्हणू. आखलेल्या मैदानावर ती होत नाही. गवत, चिखल, चढउतार यांतून धावायचे असते. इंग्लंडातल्या शाळांत एकोणिसाव्या शतकात ती रुजली. १९१२, १९२० आणि १९२४ या तीन ऑलिंपिकमध्येही ती होती. १९२४ साली पॅरिसला इतके कडक ऊन पडले, की ३८ धावपटूंपैकी १५ जणच शेवटपर्यंत पोचले. पुढे ऑलिंपिकमधून ही शर्यत गेली, पण शाळा-कॉलेजांतून गेली नाही.

हिचा हिशेब मोठा गमतीचा आहे, बरं का! अमेरिकेतल्या कॉलेजांत एका संघाचे सात जण धावतात आणि त्यांतल्या पहिल्या पाच जणांचे क्रमांक मोजतात. पहिला आला त्याचा १, दहावा आला त्याचे १०. पाचांची बेरीज करायची; ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो जिंकला. म्हणजे तुमचा एक गडी पहिला आला नि पाचवा मागे साठावा आला, तर सगळे मुसळ केरात. संघ जिंकतो तो पाचव्या गड्यावर.

आता आपल्या मुलखाकडे पाहू. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले. धावणारे बहुतेक साधे शेतकरी, पायात काही नाही, नियमांची माहिती नाही. पण त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास येत होत्या. टाटांनी पुढाकार घेतला, आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटासा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये त्यांचा एकोणिसावा क्रमांक लागला. म्हणजे आपल्या पायांत बळ आहे हे शंभर वर्षांपूर्वीच दिसून आले होते. पण एक चौगुले जगापुढे जाणे निराळे आणि गावोगावची पोरे वर्षानुवर्षे तयार होत राहणे निराळे. त्याला एका जागी पाय रोवून बसणारा मास्तर लागतो.

असा मास्तर कसा असतो, हे पाहण्यासाठी क्षणभर दूर जाऊ. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात डोंगरांनी वेढलेले अलामोसा नावाचे लहान गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसात हजार फूट उंच. तिथले अ‍ॅडम्स स्टेट कॉलेज १९२१ साली मुळात खेड्यापाड्यांसाठी शिक्षक तयार करायला काढलेले. त्याच भागात १९२९ साली जो व्हिगिल यांचा जन्म झाला. घरची गरिबी. नौदलात नोकरी केली, याच कॉलेजात शिकले, गावच्या हायस्कुलात शिक्षक झाले, आणि १९६५ साली त्याच कॉलेजात धावण्याचे प्रशिक्षक म्हणून आले. ते १९९३ पर्यंत तिथेच राहिले. या काळात त्यांच्या संघांनी १९ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली.

त्यांनी केले काय? पहिली गोष्ट, स्वतः शिकत राहिले. शरीराला श्रम पडले की आत काय घडते, या विषयाचा अभ्यास करून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. दुसरी गोष्ट, सगळे काही मोजले आणि टिपून ठेवले. आणि तिसरी, मुलाचा पाय पाहण्याआधी मुलगा पाहिला. त्याचा अभ्यास, त्याचे वागणे, त्याचे खाणेपिणे. १९९२ साली त्यांच्या संघाने राष्ट्रीय शर्यतीत पहिले पाचही क्रमांक पटकावले. एक, दोन, तीन, चार, पाच; बेरीज पंधरा. याहून कमी बेरीज होऊच शकत नाही! लोकांनी पहिल्याचे कौतुक केले असेल, पण मास्तरांची कमाई पाचव्यात होती. निवृत्तीनंतरही ते थांबले नाहीत. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दीना कास्टर यांनी २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचे कांस्यपदक मिळवले. २०२५ साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी व्हिगिल वारले.

आपण म्हणाल, हे परदेशचे झाले. तिकडे साधने असतात. ठीक आहे. मग जव्हार-मोखाड्याच्या डोंगराला पाठ लावून असलेल्या हरसूलकडे चला. तिथल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची एक मुलगी डोंगरवाटांनी पळू लागली. कविता राऊत तिचे नाव. तिला नाशिकला विजेंद्र सिंग हे प्रशिक्षक भेटले. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर पहाटेचा सराव सुरू झाला. पाय तिचे होतेच. त्या पायांना वेळापत्रक मिळाले, पल्ला मिळाला, विश्रांतीचा दिवसही मिळाला. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून तिने कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. केरळची प्रीजा श्रीधरन पुढे, आणि तिच्या मागे जेमतेम एका सेकंदाने कविता. २०१२ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

पण मला सांगायचे आहे ते याच्या पुढे. एक कविता निघाली, तर कोणी म्हणेल योगायोग. तिच्या मागून नाशिक जिल्ह्यातलीच मोनिका आथरे निघाली. २०१७ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत ती मॅरेथॉन धावली. संजीवनी जाधव निघाली. त्याच साली तैपेईला जगभरच्या विद्यापीठांच्या स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. मास्तर तोच, मैदान तेच. दुसरी आली, तिसरी आली, तेव्हा योगायोग संपला आणि परंपरा सुरू झाली.

आता आपल्या घरी येऊ. मुलांनी शाळेत यावे म्हणून वाट पाहत न बसता शाळाच मुलांकडे न्यावी, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी इथेच कोसबाडच्या टेकडीवर करून दाखवले. पोरं गुरे घेऊन कुरणात जातात ना? मग शाळा कुरणात! त्या कुरणशाळेच्या मुलखात रानवाटेची शर्यत परकी कशी ठरेल?

गुरुजी, फार साधने लागत नाहीत. शाळेजवळची एक वाट दोरीने मोजून घ्या. महिन्यातून एकदा, सकाळी त्याच वेळी, त्याच वाटेवर मुलामुलींना धावू द्या आणि प्रत्येकाची वेळ वहीत लिहा. एरवी बोलत बोलत पळता येईल इतक्याच वेगाने पळू द्या. एक दिवस जोर, दुसऱ्या दिवशी आराम. लहानांना लांबचा पल्ला देऊ नका. उपाशीपोटी कोणाला उभे करू नका. आधी पेज-भाकर पोटात जाऊ द्या. आणि निकाल लावताना पाचांची बेरीज करा, म्हणजे मागे राहणाऱ्याला पुढचे सगळे हाका मारू लागतील.

मात्र या वहीत एक गोष्ट आपल्याला बोचेल. भात कापून झाले की कितीतरी घरे कामासाठी बाहेर पडतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी गुजरातकडच्या बोटींवर. सप्टेंबरात जिचा क्रमांक पाचवा होता, तिच्या नावापुढची डिसेंबरची जागा कोरी राहते. ती कोरी जागा तशीच सोडू नका. पाड्यावर जा, चौकशी करा. तिच्या आजीला सांगा की पोरगी चांगली पळते, तिला इथे शिकायला ठेवा. प्रत्येक वेळी यश येईल असे नाही. पण आपण तिची वाट पाहतो आहोत, हे त्या मुलीला कळू द्या.

पहिला येणारा कसाही आपली वाट काढतोच. वहीत पाचव्याचे नाव शोधतो, तो मास्तर. आपल्या शाळेतला पाचवा धावणारा कोण, हे आपण उद्या सकाळी पाहाल ना?