पाहुणचार (सातारा व सांगली जिल्हे)

घरी आलेल्या व्यक्तीचे स्वागत, भोजन, मुक्काम आणि निरोप यांसंबंधीच्या आचारांना पाहुणचार असे म्हणतात. महाराष्ट्रातील सातारा व सांगली जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात या आचारांना ठळक स्थानिक रूप आहे. ब्रिटिश काळातील सातारा जिल्हा व लगतची संस्थाने यांतून १९४९ मध्ये उत्तर सातारा व दक्षिण सातारा हे जिल्हे तयार झाले. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. दोन्ही जिल्ह्यांच्या चालीरीतींत त्यामुळे मोठे साम्य आहे. ‘पाहुणा’ हा शब्द संस्कृत ‘प्राघुण’ या शब्दापासून प्राकृतमार्गे आला असून या भागाच्या बोलीत तो ‘पाव्हणा’ असा उच्चारला जातो. या शब्दात सोयरा हा अर्थही अंतर्भूत आहे.

घराची रचना

जुन्या धाटणीच्या घरात अंगण, सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि परसू असा क्रम असतो. पाहुण्याची बैठक सोप्यात असते. बसण्यासाठी सतरंजी किंवा घोंगडे अंथरले जाते. माणदेश व जत या मेंढपाळीच्या भागांत लोकरीचे घोंगडे व जेन घरोघरी वापरात होते. जवळच्या नात्यातील व्यक्ती माजघरात, तर माहेरवाशीण थेट चुलीपुढे जाऊन बसते. पाहुणा घरात किती आतवर येतो, यावरून त्याच्याशी असलेली जवळीक कळते.

स्वागत व निरोप

पाहुणा दारात येताच त्याला हातपाय धुण्यासाठी पाणी देतात. त्यानंतर पिण्याचे पाणी आणि गुळाचा खडा देण्याची जुनी रीत आहे. माण, खटाव, आटपाडी, जत व कवठे महांकाळ हे तालुके पर्जन्यछायेत येतात. तेथे दुष्काळात पाणी दुरून आणावे लागत असल्याने या तांब्याभर पाण्याला विशेष मोल होते. चहा रूढ झाल्यावर गूळपाण्याची प्रथा मागे पडली. मात्र पाहुण्याने चहा न घेता जाणे आजही यजमानाला कमीपणाचे वाटते.

अचानक आलेल्या पाहुण्यासाठी ज्वारीची भाकरी, पिठले, खर्डा व कांदा असा साधा बेत असतो. ठरवून बोलावलेल्यांसाठी पुरणपोळी व कटाची आमटी किंवा मटणाचा रस्सा करतात. निघताना स्त्रियांना हळदकुंकू लावतात व माहेरवाशिणीची ओटी भरतात. शेतातील भाजी, शेंगा किंवा गूळ बरोबर देण्याची पद्धत आहे. निरोप घेणारा ‘जातो’ असे न म्हणता ‘येतो’ असे म्हणतो.

यात्रा व हुर्डा

गावच्या यात्रेत पाहुणचाराला सामूहिक रूप येते. बावधनचे बगाड, पालची खंडोबाची यात्रा, म्हसवड व खरसुंडी येथील सिद्धनाथाच्या यात्रा या वेळी सोयरेधायरे व कामानिमित्त मुंबई-पुण्यात राहणारे गावकरी घरोघरी उतरतात. अनेक गावांत पहिल्या दिवशी देवाला गोड नैवेद्य आणि दुसऱ्या दिवशी सामिष जेवण असा क्रम असतो. एका गावच्या यात्रेला जेवलेल्याने आपल्या गावच्या यात्रेला यजमानाला बोलावणे अपेक्षित असते.

पौष-माघाच्या सुमारास शाळू दुधात भरला की शेतावर हुर्ड्याचे बोलावणे होते. आगटीत गोवऱ्यांच्या आरावर कणसे भाजतात. ती हातावर चोळून मोकळे केलेले दाणे गरम असतानाच चटणी, गूळ किंवा दह्याबरोबर खातात. सर्वजण आगटीभोवती बसत असल्याने येथे घरातल्यासारखी बैठकीची उतरंड राहत नाही.

सामाजिक बाजू

पारंपरिक पाहुणचार सर्वांना सारखा नव्हता. जातीनुसार पंक्ती वेगळ्या असत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना उंबऱ्याच्या आत प्रवेश नसे. या प्रथेला छेद देणारा महत्त्वाचा प्रयोग साताऱ्यातच झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये तेथे सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत व एका पंक्तीत जेवत. या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी स्वतःचे दागिने मोडले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

१९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारचे भूमिगत कार्यकर्ते याच प्रदेशातील घरांच्या आश्रयावर तग धरून होते. त्यांना भाकरी किंवा रात्रीचा निवारा देणाऱ्या कुटुंबांना पोलिसी कारवाईचा धोका होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा व वारणाकाठच्या अनेक कुटुंबांनी उंचावरील गावांतील नातेवाइकांकडे आसरा घेतला.

पाहुणचाराचे श्रम मुख्यतः स्त्रियांवर पडत आले आहेत. पाहुणे व घरातील पुरुष आधी आणि स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया शेवटी, अशी जेवणाची रीत होती. एकत्र जेवण्याची पद्धत वाढल्याने ती सैल झाली असली, तरी यात्रेच्या दिवसांत अनेक घरांत ती दिसते.

ह्युगेशी तुलना

डेन्मार्कमधील ‘ह्युगे’ ही संकल्पना २०१६ च्या सुमारास इंग्रजी पुस्तकांमुळे जगभर परिचित झाली. मेणबत्त्यांचा मंद प्रकाश, साधे खाणे आणि मोजक्या माणसांचा निवांत सहवास ही तिची लक्षणे मानली जातात. विस्तवाभोवतीची ऊब आणि थाटमाटाचा अभाव या बाबतींत हुर्ड्याची बैठक तिच्या जवळ जाते. ह्युगेत मात्र आधीपासून परिचित असलेल्यांचे छोटे वर्तुळ महत्त्वाचे असते, तर सातारा-सांगलीकडील पाहुणचारात न कळवता आलेल्या माणसालाही जागा करून देणे अपेक्षित असते आणि त्यामागे परतफेडीचे बंधन असते. ह्युगेचे वर्तुळ बाहेरच्याला सहजासहजी आत घेत नाही, अशी टीका केली जाते. पंक्तिभेदाच्या काळात येथील पाहुणचारालाही अशीच, किंबहुना अधिक कठोर, मर्यादा होती.