आंबिलीचं मडकं आणि बिअरचा पिंप: ज्वारी आंबवायचा हक्क कोणाचा?

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया वर जातील: घरच्या घरी बिअर करण्याचा छंद. इंग्लंड-अमेरिकेत लोक हौसेने हे करतात, त्यांची मंडळं असतात, स्पर्धा असतात. आपण मात्र या विषयाचा माग काढत जाणार आहोत धाराशिव जिल्ह्यात. तुम्ही म्हणाल, धाराशिवचा आणि बिअरचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो ज्वारीचा आहे.

धाराशिव आणि लातूरकडच्या लोकांना येळवस सांगायला नको. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळा अमावस्येला, अख्खं गाव शेतात जातं. कडब्याची कोप उभी राहते, आत पांडवांची पूजा होते. भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी असते. आणि या सगळ्यात मानाची असते ती आंबील. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबवायचं, मग शिजवून, पुन्हा ताक घालून पातळ करायचं, मीठ-लसूण-जिरं लावायचं. मडकं भरून डोक्यावरून शेतात न्यायचं. पिकावर शिंपडायचं आणि पोट भरून प्यायचं.

आता या मडक्यात नेमकं काय होतं ते बघू. ताकातले जिवाणू कामाला लागतात आणि आंबटपणा येतो. म्हणजे लॅक्टिक आम्ल तयार होतं. बिअरमध्ये काम करतं ते यीस्ट. यीस्टला साखर लागते, आणि कोरड्या पिठातला स्टार्च त्याला खाता येत नाही. म्हणून बिअर करणारे आधी धान्याला मोड आणतात. मोड येताना दाण्यात अशी विकरं तयार होतात, जी स्टार्चची साखर करतात. मोड आलेलं धान्य वाळवलं, भरडलं, गरम पाण्यात मुरवलं, गाळलं आणि त्यात यीस्ट सोडलं की झाली बिअर. आंबील आणि बिअर यांच्यातलं अंतर एवढंच: मोड आणि यीस्ट.

आणि हे मी केवळ कल्पनेनं सांगत नाही. ज्वारी मूळची आफ्रिकेतली, काही हजार वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. तिकडे आजही मोडाच्या ज्वारीची घट्टसर, आंबूस बिअर घरोघरी होते. दक्षिण आफ्रिकेत तिला उम्कोंबोथी म्हणतात, त्यात मकाही घालतात. पिढ्यान्‌पिढ्या ही बिअर करतात त्या बायका. म्हणजे धान्य एक, मडकं एक, हातही बाईचाच. आपल्याकडे त्याची आंबील झाली, तिकडे बिअर झाली.

मग आपल्याकडे घरी मद्य होतच नव्हतं का? होत होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात तांदूळ, पाणी आणि किण्व यांची मापं दिली आहेत. किण्व म्हणजे आंबवण्याचं विरजण. हे किण्वाचं काम बायका-मुलांनी करावं असंही तिथे म्हटलं आहे. आणि आपल्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: सुरेवर राज्याचं कडक नियंत्रण असूनही घरगुती कार्यासाठी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करायला कुटुंबांना परवानगी आहे. उत्सव-जत्रांना चार दिवस मोकळीक आहे. म्हणजे राज्याने मक्ता घेतला, पण घराचा कोपरा सोडला.

हा कोपरा पुढे कसा गेला, ते आधुनिक काळात दिसतं. १९४८ पर्यंत आपला हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उस्मानाबाद हे नावही निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलं. संस्थानात शेतसाऱ्याच्या जोडीला आबकारी हे मोठं उत्पन्न होतं. गुत्त्यांचे लिलाव व्हायचे. हैदराबादचा आबकारी कायदा १३१६ फसलीचा, म्हणजे इसवी सन १९०६-०७ चा. त्यानंतर मोहाची दारू असो की शिंदीच्या झाडाचा रस, सरकारच्या परवान्याशिवाय मद्य करणं-विकणं हा गुन्हा. झाड तुमच्या बांधावर असलं, तरी त्याची शिंदी काढायला सरकारला विचारायचं.

आता गंमत बघा. अगदी त्याच सुमारास, १९०८ साली, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत ज्वारीच्या बिअरचा कायदा झाला. डर्बन शहराने बिअर करण्या-विकण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला. बायकांनी घरी केलेली बिअर बेकायदा ठरली आणि नगरपालिकेच्या बिअर हॉलमधली कायदेशीर. त्या पैशातून आफ्रिकी लोकांवर राज्य करण्याचाच खर्च भागवला जाई. जून १९५९ मध्ये केटो मॅनर वस्तीतल्या बायका काठ्या घेऊन बिअर हॉलमध्ये शिरल्या आणि पिणाऱ्या पुरुषांना त्यांनी बाहेर काढलं.

आपल्याकडेही असं काही घडलं, पण तऱ्हा वेगळी. १९४७-४८ मध्ये स्टेट काँग्रेसने निजामाविरुद्ध लढा पुकारला. नेते स्वामी रामानंद तीर्थ, ज्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवलं होतं. त्या लढ्यात जंगल सत्याग्रह झाला आणि शिंदीची झाडं तोडली गेली. कारण प्रत्येक झाड म्हणजे निजामाच्या तिजोरीतली आवक. डर्बनच्या बायकांना मडकं परत हवं होतं. इथल्या कार्यकर्त्यांना गांधीजींच्या वाटेने दारूच नको होती.

म्हणून स्वातंत्र्यानंतर मडकं घरी परत आलं नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि पुढे तोच कायदा इथेही लागू झाला. त्याच्या कलम १२ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही, आणि मद्याच्या व्याख्येत बिअरही येते. थोडक्यात, महाराष्ट्रात घरी बिअर करणं हा छंद नाही, गुन्हा आहे. हे ऐकून कोणी प्रयोग करू नका.

इतर देशांत हा कोपरा परत मिळाला. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरच्या बिअरला परवाना लागायचा, तो १९६३ मध्ये अर्थमंत्री मॉडलिंग यांनी काढून टाकला. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली, पण घरची बिअर बेकायदाच राहिली. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनची मुभा मिळाली. अट एकच, विकायची नाही.

आपल्याकडेही तसं व्हावं का? घाईने हो म्हणू नये. २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. तिथे मारलं ते मिथेनॉलने. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये तसा धोका नसतो, हा फरक खरा आहे. पण ज्या घरात पगार गुत्त्यावर संपतो, त्या घरातल्या बाईला हा रसायनशास्त्राचा फरक सांगून काय उपयोग? गावातलं दुकान बंद करायला आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बायकांचं दुःख खरं आहे.

पण मग दुसरी बाजूही विचारायला हवी. याच राज्याने २००७ मध्ये ज्वारी, बाजरी, मक्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचं धोरण आणलं, आणि त्याला जोरदार विरोध झाला. म्हणजे ज्वारी आंबवून मद्य करण्यालाच सरकारचा विरोध होता असं नाही. ती कोणी आंबवायची, एवढाच प्रश्न होता. कौटिल्याने निदान घराला चार दिवस दिले होते.

येळवसेला आंबिलीचं मडकं मात्र कोणाच्या परवान्याविना शेतात जातं. त्यावर ना कर बसला, ना लिलाव झाला. ज्वारी कशी आंबवायची हे ज्ञान आपल्या आजी-आईंनी त्याच मडक्यात जपलं. तुमच्याकडे आंबील कशी करतात, किती वेळ आंबवतात, हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. पुढच्या भागात भेटू.