निजामाबादची काळी मृत्पात्रे
निजामाबादची काळी मृत्पात्रे ही उत्तर प्रदेशातील आझमगड जिल्ह्यात निजामाबाद येथे घडवली जाणारी नक्षीदार मातीची भांडी होत. त्यांना 2015 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

या भांड्यांचा काळेपणा वरून दिलेल्या रंगाचा नसतो. कच्च्या भांड्याला मोहरीचे तेल चोळून अणकुचीदार काडीने वेलबुट्टी कोरतात. नंतर बंदिस्त भट्टीत भाताच्या तुसाचा धूर कोंडतात. प्राणवायूच्या अभावी मातीतील लोहाचे क्षपण होते आणि पृष्ठभागात कार्बन मुरतो. भाजलेल्या भांड्याच्या खाचांत जस्त व पाऱ्याची पूड चोळून ते धुतात व घासतात, तेव्हा रुपेरी नक्षी उमटते. बिदरी कामाशी तिचे साम्य केवळ दिसण्यापुरते आहे. तेथे धातूत खरी चांदी जडवतात. पारा विषारी असल्याने अशी नक्षी शोभेच्या वस्तूंवरच योग्य ठरते. कारागिरांना मात्र ही पूड हाताळावी लागते.