राखेचे थर, बॉयलरमधील : पूर्वानुमान

दगडी कोळसा जाळणाऱ्या बॉयलरमध्ये राख कोठे, किती व कितपत घट्ट चिकटेल याचा आगाऊ अंदाज. भट्टीच्या भिंतींवर वितळलेली राख बसते, ते स्लॅगिंग. पुढे सुपरहीटर व रीहीटरच्या नळ्यांवर सोडियम-पोटॅशियमच्या क्षारांची वाफ गोठून राखेचे कण धरून ठेवते, ते फाउलिंग. घट्ट झालेल्या ढेपांना वीजकेंद्रांत सरसकट क्लिंकर म्हणतात.

वितळकसोटी : राखेचा 19 मिमी. उंचीचा त्रिकोणी सुळका तापवत नेतात. टोक गोलावले की प्रारंभिक विरूपण, उंची पायाच्या रुंदीइतकी झाली की मृदुभवन, रुंदीच्या निम्मी झाली की अर्धगोल, आणि सुळका पसरून 1.6 मिमी.पर्यंत बसला की प्रवाही अवस्था. लोह जास्त असलेल्या राखेत क्षपणकारक वातावरणातील तापमाने बरीच खाली येतात. बर्नरजवळ हवा कमी पडते तेथे हीच स्थिती असते. म्हणून केवळ ऑक्सिडीकारक वातावरणातील आकडे देणारा अहवाल अपुरा समजावा.

निर्देशांक : ॲटिग व डूझी यांच्या 1969 मधील मांडणीतून रूढ झालेला स्लॅगिंग निर्देशांक असा : लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम व पोटॅशियम यांच्या ऑक्साइडांची बेरीज भागिले सिलिका, ॲल्युमिना व टिटॅनिया यांची बेरीज, गुणिले कोळशातील गंधकाची टक्केवारी. 0.6 खाली धोका कमी, 2.6 वर तीव्र. गंधकाऐवजी राखेतील सोडियम ऑक्साइडने गुणले की फाउलिंग निर्देशांक मिळतो.

भारतीय कोळशाला हे गणित जपून लावावे लागते. समजा, राखेत पहिल्या गटाची ऑक्साइडे 10 टक्के, दुसऱ्या गटाची 88 टक्के आणि कोळशात गंधक 0.5 टक्का आहे. निर्देशांक 0.06 च्या आसपास येतो, म्हणजे धोका जवळजवळ नाहीच. तरीही क्लिंकर होतो. सूत्रात राखेची जडणघडण येते, राशी येत नाही. आपल्या वीजकेंद्रांतील कोळशात राख बहुधा 30 ते 45 टक्के असते. शिवाय पायराइट वा सिडेराइटचा सुटा कण भिंतीवर आदळतो तेव्हा तो लोहप्रधान असतो, आणि सरासरी पृथक्करणात तो दिसत नाही.

आयात कोळशाच्या मिश्रणाने गुंता वाढतो. दोन राखांच्या वितळबिंदूंची सरासरी काढणे चूक आहे. सिलिका-ॲल्युमिनाप्रधान राखेत चुना मिसळला की द्रव 1170° से.च्या सुमारासही बनू शकतो. मिश्रण दोन्ही मूळ राखांआधी वितळण्याचा संभव असतो. मिश्रणाची चाचणी स्वतंत्रच हवी.

अन्य पद्धती : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली खनिजकणांची गणना, पतन-नलिका भट्टी, संगणकीय प्रवाह-प्रतिकृती.

परिणाम : उष्णता-संक्रमण घटते, भट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान वाढते, वायुमार्ग चोंदतात. वरून सुटलेली मोठी ढेप तळाच्या हॉपरची हानी करते. रायबरेली जिल्ह्यातील उंचाहार येथे 1 नोव्हेंबर 2017 रोजी 500 मेगावॉटच्या संचात झालेल्या दुर्घटनेत 40 हून अधिक जण दगावले. राख साचून मार्ग चोंदल्याचे कारण त्या वेळी पुढे आले.

उपाय : सूट ब्लोअर, भारनियंत्रण, हवेचे समतोल वाटप.