रिपोर्टातला एक शब्द : जुनाट रक्तकर्करोगाच्या निदानाची कहाणी

परभणी जिल्ह्यातील जिंतूर, पाथरी किंवा गंगाखेडकडच्या कोणत्याही खेड्यात शाळेचे गुरुजी फक्त मुलांनाच शिकवीत नाहीत. बँकेचे पत्र, विम्याचा अर्ज, रक्ततपासणीचा रिपोर्ट, असे इंग्रजीतले जे जे गावात येते ते वाचून घ्यायला लोक त्यांच्याकडे येतात. समजा, असाच एक रिपोर्ट घेऊन गावातला अडतीस वर्षांचा शेतकरी तुमच्या ओसरीवर येऊन बसला आहे. चार-सहा महिन्यांपासून त्याला थकवा जाणवतो. पूर्वी दोन भाकरी सहज जायच्या, आता अर्ध्या भाकरीतच पोट भरते. डाव्या बरगडीखाली जड वाटते. रिपोर्टात पांढऱ्या पेशींची संख्या लिहिली आहे एका घन मिलिमीटरला १,८०,०००. निरोगी माणसात ती साधारण ४,००० ते ११,००० असते. खाली एक ओळ आहे : 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाची शक्यता.'

तो विचारतो, "गुरुजी, काय लिवलंय हो यात?"

या प्रश्नाचे उत्तर गेल्या १८० वर्षांत अनेकदा बदलले आहे. रोग तोच राहिला, पण तो झाल्याचे कळणे म्हणजे काय, हे मात्र पिढीगणिक बदलत गेले. दुर्दैवाने आपल्या बोलण्यातला 'ब्लड कॅन्सर' हा शब्द तेवढा बदललेला नाही. त्या बदलाची हकीकत येथे पाहू या.

निदान, पण मृत्यूनंतर

फेब्रुवारी १८४५ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरोच्या रुग्णालयात अठ्ठावीस वर्षांचा एक कारागीर दाखल झाला. घरांच्या छपरांवर पाटीच्या दगडाच्या फरश्या बसवणे हा त्याचा धंदा. सुमारे वीस महिन्यांपूर्वी त्याला काम करताना विलक्षण थकवा येऊ लागला. पुढे पोटाच्या डाव्या बाजूला गाठ हाताला लागली आणि ती वाढत गेली. आपल्या शेतकऱ्याची तक्रार आणि या कारागिराची तक्रार यांत फारसा फरक नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. ती गाठ म्हणजे वाढलेली प्लीहा, आपल्याकडच्या बोलीत पांथरी.

मार्च महिन्यात तो मरण पावला. जॉन ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी शवविच्छेदन केले, तेव्हा रक्त पुवाने भरल्यासारखे दिसले. कोठेही जखम किंवा गळू नसताना रक्तातच पू तयार झाला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्शो या तरुण डॉक्टराने पन्नाशीच्या एका स्वयंपाकीण बाईचे शवविच्छेदन केले. त्याने आपल्या टिपणाला साधे नाव दिले : 'पांढरे रक्त'. हा पू नसून रक्तातल्याच पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या आहेत, असे त्याचे म्हणणे होते. १८४७ मध्ये त्याने ग्रीक शब्दांवरून या रोगाला 'ल्युकेमिया' हे नाव दिले. त्याचाही अर्थ पांढरे रक्त असाच आहे.

आपल्याला काय झाले आहे हे त्या दोन रुग्णांना कधीच कळले नाही. पुढच्या काही वर्षांत जिवंत रुग्णाच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान होऊ लागले. पण निदान झाले तरी सांगण्यासारखे काही नव्हते.

हिवताप की आणखी काही?

१८८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात बर्मिंगहॅमहून एका तरुण डॉक्टरचे पत्र छापून आले. त्याचा रुग्ण एकोणतीस वर्षांचा होता. पोटात मोठी गाठ आहे म्हणून तो आला होता आणि ती गाठ वाढलेली प्लीहा निघाली. त्याला काही वर्षांपूर्वी परदेशात हिवताप झाला होता आणि त्याचा परिणाम कधी पुरता गेलाच नाही, असे तो सांगत होता. रक्त तपासल्यावर ल्युकेमिया ठरला. त्याला आर्सेनिक देण्यात आले. पत्र लिहिणारा डॉक्टर म्हणजे पुढे शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणारे आर्थर कॉनन डॉयल.

हे उदाहरण आपल्यासाठी मुद्दाम दिले. हिवताप असलेल्या प्रदेशात पांथरी वाढलेला माणूस दिसला की हिवतापच आठवतो, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्यामुळे रक्ताच्या तपासणीला उशीर होतो. थकवा उन्हातल्या कामावर ढकलला जातो, वजन घटले तर काळजीने घटले असे म्हटले जाते. या रोगाचा पहिला टप्पा सावकाश, काही वर्षे चालणारा असतो. म्हणून तर त्याला जुनाट म्हणतात. त्या काळात माणूस शेतात जातो, बाजार करतो, लग्नकार्यात वाढप्याचे काम करतो. त्यामुळे निदान ऐकताना रुग्णाची पहिली प्रतिक्रिया पुष्कळदा भीतीची नसते, अविश्वासाची असते. 'मी तर चालतोबोलतो आहे' हे वाक्य जगभरच्या डॉक्टरांनी ऐकलेले आहे.

१८६५ पासून वापरात आलेले आर्सेनिक आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आलेले प्लीहेवरचे क्ष-किरण, यांनी गाठ आणि पेशींची संख्या काही काळ खाली येई. रोग मात्र पुन्हा उसळत असे.

एका मृत्यूनंतर

मुंबईत या रोगाचे नाव एका प्रतिष्ठित घराण्याशी जोडले गेले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने वारल्या. त्यांचे वडील होर्मसजी भाभा हे म्हैसूर संस्थानातील शिक्षण खात्याचे प्रमुख होते आणि शास्त्रज्ञ होमी भाभा हे त्यांचे भाचे. मेहेरबाईंना उपचारांसाठी परदेशी नेण्यात आले आणि वेल्समधील एका शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. जगातला कोणताही उपचार ज्यांना परवडला असता, त्यांच्यासाठीही तेव्हा उपचार नव्हता.

दोराबजींनी १९३२ मध्ये पत्नीच्या स्मरणार्थ लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. ल्युकेमियावरील संशोधनाला जगभर मदत करणे हा त्याचा मुख्य हेतू. त्याच वर्षी दोराबजीही वारले. त्यांच्या नावाच्या दुसऱ्या ट्रस्टने परळला उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले, तेव्हा त्या विभागाचे प्रमुख मेहेरबाईंचे भाचे होमी भाभा होते.

रुग्णालय उघडले तेव्हा परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थान गेले, जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, आणि हळूहळू मराठवाड्यातल्या बोलण्यात 'टाटा' या शब्दाला एक नवा अर्थ आला. 'त्याला टाटाला नेलंय' एवढे म्हटले की गावाला रोग कळतो. परभणी ते मुंबई रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एक पूर्ण रात्र. सोबत एक नातेवाईक, पिशवीत रिपोर्ट आणि भाकरी, मुंबईत उतरायचे कोठे याची चिंता. निदानाचा अनुभव डॉक्टरांच्या खोलीत सुरू होत नाही, तो गाडीतच सुरू झालेला असतो.

'त्यांना सांगू नका'

१९५३ मध्ये लंडनच्या डेव्हिड गॉल्टन यांनी बुसल्फान या औषधाचे परिणाम प्रसिद्ध केले. या गोळ्यांनी पेशींची संख्या उतरे, पांथरी लहान होई, भूक परत येई. रुग्ण कामाला लागे. घरच्यांना वाटे, बरे झाले. पण तीन ते पाच वर्षांत बहुतेकांचा रोग अचानक तीव्र रूप घेई आणि मग काही महिनेच उरत.

या काळात आपल्याकडे एक रीत रूढ झाली. निदान डॉक्टर भावाला किंवा मुलाला सांगत आणि तो लगेच हात जोडून म्हणे, 'त्यांना सांगू नका.' यामागे माया होती, क्रूरपणा नव्हता. सांगून करायचे काय, हा प्रश्नही खराच होता. १९७० च्या दशकातील हिंदी चित्रपटांनी असाध्य आजाराने जाणारे तरुण नायक-नायिका घरोघर पोहोचवले. १९७८ च्या 'अखियों के झरोखों से' मधील नायिकेला तर ल्युकेमियाच होता. 'ब्लड कॅन्सर म्हणजे शेवट' ही समजूत त्या पडद्यावरून पक्की झाली.

१९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी टाटा रुग्णालयात भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. एक दार उघडले, पण जुळणारा दाता आणि मोठा खर्च या दोन अटींमुळे फार थोडे लोक त्यातून आत जाऊ शकले.

बाविसावे गुणसूत्र

खरा बदल गुणसूत्रांच्या अभ्यासातून आला. १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. त्याला त्या शहराचे नाव मिळाले. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट रोली यांनी त्याचा उलगडा केला. घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांची कापलेली छायाचित्रे मांडून त्या जोड्या जुळवीत. बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा नाहीसा झालेला नव्हता; नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापल्या टोकांची अदलाबदल केली होती.

या अदलाबदलीत दोन जनुके एकमेकांना चिकटतात. त्यांच्यापासून जे प्रथिन बनते ते एक विकर असते आणि ते सतत 'विभाजन करा' असा हुकूम पेशीला देत राहते. बिघडलेल्या बटणामुळे पंप चालूच राहावा, तसा हा प्रकार. ही अदलाबदल जन्मानंतर अस्थिमज्जेतील एखाद्या पेशीत घडते. म्हणून हा रोग आईवडिलांकडून येत नाही, मुलांना जात नाही आणि संसर्गाने पसरत नाही. निदानानंतर घराघरांत विचारला जाणारा 'कोणाच्या पापाने?' हा प्रश्न विज्ञानाने अशा रीतीने निकालात काढला.

मग त्या एका विकराला अडवणारे औषध शोधणे शक्य झाले. निकोलस लायडन आणि ब्रायन ड्रकर यांच्या प्रयत्नांतून इमॅटिनिबची पहिली चाचणी १९९८ मध्ये सुरू झाली. पुरेशी मात्रा घेतलेल्या, पहिल्या टप्प्यातील ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तातील पेशींची संख्या पूर्ववत झाली. २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

गोळी आणि तिची किंमत

रुग्णाला आता निदानासोबत एक आशा ऐकू येऊ लागली, आणि लगेच एक आकडाही. नोव्हार्टिस कंपनीच्या गोळ्यांचा भारतातला महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ ते दहा हजारांत मिळत होती. २००२ पासून नोव्हार्टिसच्या मदत योजनेतून भारतातील हजारो रुग्णांना औषध मोफतही मिळाले, हे नोंदवले पाहिजे. तरी औषध दान म्हणून मिळणे वेगळे आणि आवाक्यातल्या किमतीला मिळणे वेगळे.

कंपनीने या औषधाच्या एका स्फटिकरूपासाठी पेटंट मागितले. त्याला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था होती. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. माहीत असलेल्या पदार्थाचे नवे रूप रोगावर अधिक गुणकारी ठरल्याचे दाखवता आले नाही, म्हणून पेटंट देता येणार नाही, असा निकाल न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना देसाई यांनी १ एप्रिल २०१३ रोजी दिला. स्वस्त गोळीचा मार्ग मोकळा राहिला.

आज गुरुजींनी काय सांगावे?

पहिल्या टप्प्यात निदान होऊन नियमित औषध घेणारा रुग्ण आज जवळजवळ इतरांइतके आयुष्य जगू शकतो. मधुमेही माणसाप्रमाणे त्याची रोजच्या गोळीशी गाठ पडते. डोळ्यांभोवती सूज, मळमळ, पायात गोळे येणे असे त्रास काहींना होतात. औषध चालू असताना गर्भधारणा टाळावी लागते. सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे : बरे वाटते म्हणून गोळी बंद करणे. फ्रान्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निदान दोन वर्षे रोगाचा मागमूस नसलेल्या १०० रुग्णांचे औषध देखरेखीखाली थांबवले. सुमारे चाळीस टक्क्यांमध्येच रोग वर्षभर परतला नाही. म्हणजे औषध थांबवणे काहींना शक्य आहे, पण तो निर्णय तपासण्या पाहून डॉक्टरांनी घ्यायचा. आणि ज्याला आपला आजारच सांगितलेला नाही, तो जन्मभर गोळी कशासाठी घेईल? 'त्यांना सांगू नका' ही रीत आज रुग्णाच्या जिवावर उठू शकते.

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा दुसरा जुनाट प्रकार बहुधा उतारवयात होतो आणि आपल्याकडे तुलनेने कमी आढळतो. त्यात अनेकदा डॉक्टर सांगतात, 'आत्ता औषध नको, फक्त लक्ष ठेवू.' कर्करोग आहे आणि औषध नाही, हे ऐकणे फार जड जाते. 'डॉक्टरांनी हात टेकले' असा अर्थ घरचे काढतात. तो चुकीचा आहे. घाईने औषध देऊन लाभ होत नाही, असे अभ्यासांतून दिसल्यामुळेच ते थांबतात. तीव्र ल्युकेमियाचे मात्र तसे नाही. तेथे दिवसही मोलाचे असतात.

तेव्हा ओसरीवर बसलेल्या त्या शेतकऱ्याला रिपोर्ट वाचून दाखवताना गुरुजींनी डॉक्टर होऊ नये. जंतुसंसर्गानेही पांढऱ्या पेशी वाढतात. पक्के निदान पुढच्या तपासणीतच होईल. पण एवढे नक्की सांगावे : 'हा शब्द तू सिनेमात ऐकलास तसा आता राहिलेला नाही. यावर गोळी आहे. उद्याच जिल्ह्याच्या डॉक्टरांना दाखव. छत्रपती संभाजीनगरला सरकारी कर्करोग रुग्णालय आहे, तेथे जाता येईल. हे घरी सांग, आणि काही झाले तरी गोळी मध्येच सोडू नकोस.'

आणि वर्गात गुणसूत्रांचा धडा येईल तेव्हा फळ्यावर नऊ आणि बावीस क्रमांकांची दोन गुणसूत्रे काढून त्यांच्या टोकांची अदलाबदल करून दाखवावी. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी असा रिपोर्ट आलेला असेल आणि त्याबद्दल कोणी बोलत नसेल. त्या दोन आकृत्यांमुळे ते मूल घरी जाऊन बोलू शकेल.