काला अंब आणि मालाची वाट

नोकरीनिमित्त दिल्लीस आलेला मराठी माणूस एकदा तरी काला अंबला जाऊन येतो. तेथील स्तंभापुढे उभे राहिले की भाऊसाहेब, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी ही नावे ओठांवर येतात. गोविंदपंत बुंदेल्यांचे नाव मात्र येतेच असे नाही. वस्तुतः अंतर्वेदीतून मराठी फौजेस रसद व पैसा पुरविणे आणि अब्दालीची रसद तोडणे हे मोहिमेतील कळीचे काम त्यांच्याकडे होते.

ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतनजीक यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी सेना लढाईस बाहेर पडली ती उपाशीपोटी. सुपीक अंतर्वेदी यमुनेच्या पैलतीरीच होती. धान्य दूर नव्हते. ते येण्याची वाट बंद होती.

व्यापाराच्या मालालाही हाच न्याय लागू पडतो. मोगलाईत सुरत बंदरातून आग्र्यास जाण्याच्या दोन प्रमुख वाटा होत्या. एक बऱ्हाणपुरावरून, दुसरी अहमदाबादेवरून. कोणती धरावी हे केवळ कोसांवर ठरत नसे. पावसाळ्यातला चिखल, ठिकठिकाणची जकात आणि लुटारूंचे भय हेही जमेस धरावे लागे. धान्य व मीठ वाहणाऱ्या लमाणांच्या तांड्यांत दहा-बारा हजार बैल असत, असे फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए सांगतो. बैल वाटेतच चरत, म्हणून ही वाहतूक स्वस्त पडे. पण अवर्षणात गवत नसे, आणि ज्या वर्षी धान्याची निकड सर्वांत अधिक, त्याच वर्षी तांडा अडून राही. जाताना मीठ आणि येताना धान्य, असा दुहेरी भार मिळाला तरच फेरी परवडे.

सह्याद्रीने तर बंदर जवळ असून दूर केले होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापुरास आणि तेथून गंगेतून कलकत्त्यास जाई. वास्तविक मुंबई त्याहून जवळ! १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये तेथून आगगाडी वर चढली, १८६५ मध्ये थळघाटही रेल्वेने ओलांडला. आणि वऱ्हाडच्या कापसाने मुंबईची वाट धरली. नकाशा तोच राहिला, अंतर मात्र बदलले.

आज पानिपत समुद्रापासून हजारांवर किलोमीटर आत असूनही समुद्रावर जगते. येथील तेलशुद्धीकरण कारखान्यास गुजरातेतील मुंद्रा बंदराहून नळवाटे कच्चे तेल येते. परदेशांतील जुने लोकरी कपडे गुजरातेच्या बंदरांतून येथे येतात, पिंजून त्यांचे सूत होते, सुताची घोंगडी होतात. येथील सतरंज्या व गालिचे उलट दिशेने बंदराकडे जातात. लमाणांचा परतीच्या भाराचा हिशेब डब्यांच्या वाहतुकीसही चुकलेला नाही. २०२१ मध्ये रेवाडी ते मदार हा खास मालगाड्यांचा मार्ग खुला झाला आणि एकावर एक रचलेले दुमजली डबे विजेच्या तारेखालून धावू लागले.

काला अंबपुढे आपण शौर्यास वंदन करतो, ते योग्यच आहे. परंतु दप्तरात बसून रस्ते, रेल्वे, पुरवठा यांच्या फाइली हलविणाऱ्या आपणांसारख्यांनी तेथून एक जाणीवही घेऊन यावी. पुरवठ्याची एखादी वाट अडली, तर त्याची किंमत वाटेच्या दुसऱ्या टोकास असलेले लोक मोजतात.